मांडवीला चार वाटांनी: बडोद्यातल्या तिसरी-चौथीच्या वर्गासाठी वाचनमोहीम

'महिन्यात कोण जास्त पुस्तकं वाचतं' अशी स्पर्धा वर्गात जाहीर करा, पहिल्या आठवड्यातच तिचा निकाल लागलेला असतो. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे ती मुलं लांबलचक यादी आणतात. मधली मुलं मुखपृष्ठ बघून नाव लिहितात. आणि जे मूल अजून जोडाक्षरापाशी अडखळतंय ते दप्तरात डोकं खुपसून बसतं. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच बाहेर. म्हणून इथे सुचवलेल्या मोहिमेत पुस्तकं मोजायची नाहीत. मोजायचं ते एवढंच: मुलानं आपल्या गावाबद्दल काय शोधून काढलं, आणि ते त्याला कशावरून कळलं.

बडोद्यात हे सोपं जातं, कारण वाचायला गाव भरलेलं आहे. पाट्या, कोनशिला, पुतळ्यांचे चौथरे, वाड्यांवरची नावं, शिवाय घरोघरी बोलायला उत्सुक आजी-आजोबा. अडचण एकच. मराठी माध्यमाच्या आपल्या मुलाच्या पुस्तकात देवनागरी, रस्त्यावर गुजराती, दुकानावर इंग्रजी. ही अडचणच मोहिमेत कामाला लावायची आहे.

कधी आणि किती

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की सुरू करा आणि उत्तरायणाच्या आधी संपवा. साधारण आठ आठवडे मिळतात, हवा चालायला बरी असते. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की मुलांचं सगळं लक्ष मांजा आणि फिरकीत, तेव्हा नवीन काही काढू नये. रोज वीस मिनिटं पुरतात, पण ती रोजची हवीत. आठवड्यातून एकदा दोन तास दिले तर मोहिमेचा कार्यक्रम होतो, सवय होत नाही.

आधी मूल कुठे आहे ते बघा

पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक मिनिट मोठ्यानं वाचायला लावा. उतारा त्यानं आधी न पाहिलेला हवा. बरोबर वाचलेले शब्द मोजा, मग दोन प्रश्न विचारा. निपुण भारत योजनेत तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. आकडा लक्षात ठेवायला ठीक, पण त्यातला 'समजून' हा भाग जास्त महत्त्वाचा. ऐंशी शब्द धडाधड वाचून 'गाडी कोण ओढत होतं?' याला गप्प राहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती नजरेतून सुटतात, कारण ऐकायला छान वाटतं.

हा आकडा तुमच्या वहीत राहू द्या. भिंतीवर लावू नका, पालकसभेत वाचू नका. आठ आठवड्यांनी त्याच मुलाची त्याच्याशीच तुलना करायला तो लागेल.

नकाशा आणि चार दरवाजे

जुन्या कोटाचे चार दरवाजे मुलांना नावानं माहीत असतात, निदान रिक्षावाल्याच्या तोंडून: पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, दक्षिणेला गेंडीगेट. मधोमध मांडवी, चारही दरवाज्यांचे रस्ते मिळतात तिथली जुनी कमानींची इमारत. चार कार्डशीट जोडून हा नकाशा वर्गाच्या भिंतीवर काढा. मुलांकडूनच काढून घ्या, वाकडा आला तरी चालेल. दिशा मात्र बरोबर हव्यात, तेवढ्यावर भूगोलाचा एक तास सहज निघतो.

प्रत्येक दरवाजा म्हणजे वाचण्याची एक तऱ्हा. लहरीपुऱ्यातून पाट्या. चांपानेर दरवाज्यातून पुस्तक किंवा वाचनपान. पाणीगेटमधून माणसं. गेंडीगेटमधून वस्तू आणि फोटो. प्रत्येक मुलानं प्रत्येक दरवाज्यातून तीन नोंदी आणायच्या. पस्तीस मुलांचा वर्ग असेल तर एकूण ४२० नोंदी. नोंद आली की नकाशावर त्या वाटेनं एक पाऊल चिकटवायचं. पावलावर नाव नसतं. सगळा वर्ग मिळून मांडवीला पोचतो, एकटा कुणी नाही.

नोंद म्हणजे निबंध नव्हे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी: काय कळलं, कशावरून कळलं, अजून काय विचारायचंय. दुसरी ओळ कोरी असेल तर नोंद परत द्यायची. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा, बाकी सगळं सैल असलं तरी चालेल. 'मला माहीतच होतं' हे उत्तर घ्यायचं नाही. कुणी सांगितलं, कुठे लिहिलंय, ते हवं.

लहरीपुरा: पाट्या

सुरुवात शाळेच्या रस्त्यापासून करा. घर ते शाळा या वाटेवरची एक पाटी जशीच्या तशी उतरवून आणायची. मग ती फळ्यावर.

गुजराती लिपी मराठी मुलाला निम्मी आधीच येत असते. ग, त, न, म, प, र, व, स ही अक्षरं शिरोरेषा काढली की जवळजवळ तीच. अडतं ते क, ख, च, ज, झ, फ, ब, ल यांच्यापाशी. या आठ अक्षरांचा तक्ता खिडकीजवळ लावून टाका, दोन आठवड्यांत मुलं दुकानं वाचायला लागतात. आकड्यांकडे मात्र वेगळं लक्ष द्या. गुजराती पाच हा शिरोरेषा नसलेल्या प सारखा दिसतो, त्यामुळे कोनशिलेवरचं साल मूल हमखास चुकीचं वाचतं किंवा ते अक्षर समजून सोडून देतं.

साल हीच पाट्यांमधली खरी मेजवानी आहे. बडोद्यात एकाच रस्त्यावर इसवी सन, विक्रम संवत आणि क्वचित शके अशी तिन्ही सापडू शकतात. चौथीच्या मुलांना हे गणित जमतं. इथला संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर संवतातून ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढची असेल तर ५६. महिना दिलेला नसेल तर ५६ धरा आणि शेजारी 'एखाद्या वर्षाचा फरक पडेल' असं लिहायला लावा. शके असेल तर ७८ मिळवा. घरातल्या पंचांगावर ताळा करून बघायला सांगा, त्या निमित्तानं पंचांगाची पानं उलटली जातात.

एक पाटी मुद्दाम सगळ्यांनी मिळून वाचण्याजोगी: रावपुऱ्याचा टॉवर. रोज त्याखालून जाणाऱ्या मुलांना विचारा, हा कुणाचा? नीटसं उत्तर क्वचितच येतं. १८९६ साली बांधलेला हा घड्याळाचा मनोरा सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ आहे. त्या १८८५ सालीच गेल्या. आता गंमत अशी की महाराजांच्या दुसऱ्या पत्नीचं नावही चिमणाबाईच, आणि १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या या दुसऱ्या. मुलं दोघींची हटकून सरमिसळ करतात (मोठी माणसंही करतात). उत्तर लगेच देऊ नका. फळ्यावर दोन साल लिहा, १८८५ आणि १९२७, आणि विचारा: एकच बाई असेल तर हे जमतं का? इतिहासात साल कशाला लागतं याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

चांपानेर दरवाजा: पुस्तक आणि वाचनपान

इयत्ता तिसरीला वाचता येईल असं स्थानिक इतिहासाचं मराठी पुस्तक शोधत बसलात तर सत्र संपेल. पानं स्वतः लिहा. एका पानावर एकच विषय, आणि त्याच विषयाची तीन पानं वेगवेगळ्या अवघडपणाची. नमुना म्हणून डभोईची बैलांची आगगाडी घ्या.

पहिलं पान, अजून अक्षर जुळवणाऱ्या मुलासाठी: 'हे डभोई. ते मियागाम. मधे रूळ टाकले. रुळावर गाडी आली. गाडीला इंजिन नाही. मग गाडी कोण ओढणार? बैल!'

दुसरं पान: '१८६२ साली डभोई आणि मियागाम यांच्यामध्ये रूळ टाकले. हे रूळ अरुंद होते. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. सुरुवातीला गाडी ओढायला इंजिन नव्हतं. बैल जुंपले होते.'

तिसरं पान: 'बडोद्याच्या गादीवर खंडेराव महाराज असताना डभोई-मियागाम मार्ग सुरू झाला. भारतातली ही पहिली अरुंद रेल्वे. सुरुवातीला ती बैल ओढत. पुढे भक्कम रूळ टाकले आणि इंजिनं धावू लागली. रुळावरची गाडी ओढताना बैलाला कमी जोर का लागत असेल? मातीच्या रस्त्यावरच्या गाडीशी ताडून बघ.'

तिन्ही पानांचा कागद एकच, चित्र एकच, वर 'सोपं' किंवा 'अवघड' असलं काही लिहायचं नाही. पहिलं पान वाचणाऱ्या मुलाकडे शेवटी सांगायला तीच बातमी असते: बैल आगगाडी ओढत होते. चर्चेत तो मागे पडत नाही. वाचून झालं की वर्गाच्या फरशीवर खडूनं दोन रेघा मारा, अडीच फुटांवर. शेजारी आजच्या ब्रॉडगेजच्या, साडेपाच फुटांवर. मुलं त्यात उभी राहिली की पान परत वाचायला मागतात, आणि दुसऱ्यांदा वाचताना वेग आपोआप वाढलेला असतो.

अशी सात-आठ पानं पुरेत. विषय: सूरसागर, विश्वामित्री आणि तिच्यातल्या मगरी, १९०८ साली सुरू झालेली बँक ऑफ बडोदा, न्यायमंदिर, तांबेकर वाडा, खंडेराव मार्केट. एखादं पान शाळेचं. लिहिताना खात्री नसलेलं वाक्य सरळ गाळा, पान छोटं झालं तर मुलांची ना नसते.

आणि एक पान ग्रंथालयाचं जरूर लिहा, कारण मोहिमेतली पेटी तिथूनच उचललेली आहे. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केलं आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात नेलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होई. पण शाळा सोडल्यावर ही मुलं वाचणार काय? म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. ज्या गावात ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकं लाकडी पेट्यांतून जात, आणि वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला.

तशीच पेटी वर्गात करा. पत्र्याची जुनी ट्रंक चालते. पंधरा-वीस पुस्तकं, जुन्या बालमासिकांचे अंक आणि तुमची वाचनपानं. दर शनिवारी ती एका मुलाच्या घरी जाते, सोमवारी परत येते. झाकणाच्या आत कागद चिकटवायचा, घरातल्या कुणी काय वाचलं ते तिथे लिहायचं. पेटी सगळ्यात आधी ज्या घरी पुस्तक नाही तिथे पाठवा, आणि का ते कुणाला सांगू नका. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा साठा मोठा आहे. तुमच्या सभासदत्वावर महिन्याला पुस्तकं बदलत राहा. जमलं तर मुलांना तिथली काचेची जमीन दाखवून आणा. पुस्तकांच्या मांडण्यांमधून चालताना पायाखाली जाड काच असते, खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा म्हणून. ती बघून आलेलं मूल ग्रंथालयाचं पान न सांगता वाचतं.

पाणीगेट: माणसं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर. 'आजीला जुन्या काळाबद्दल विचारून ये' एवढंच सांगितलंत तर 'पूर्वी सगळं स्वस्त होतं' एवढंच हाती येतं. प्रश्न नेमके द्या. तुम्ही शाळेत कुठल्या रस्त्यानं जायचात? वाटेत काय होतं जे आता नाही? घरात पाणी कुठून यायचं? नदीचं पाणी कधी घरात शिरलं होतं का, कुठपर्यंत आलं होतं? पहिला सिनेमा कुठल्या टॉकीजमध्ये बघितला? पाणी कुठपर्यंत आलं होतं या प्रश्नाला आजोबा भिंतीवर हात ठेवून दाखवतात आणि मूल पट्टी घेऊन मोजतं. तो आकडा नोंदीत लिहायचा.

आधी वर्गात तालीम हवी. एकानं आजोबा व्हायचं, एकानं प्रश्न विचारायचे. दोन गोष्टी शिकवा: समोरचं माणूस बोलत असताना मधे तोडायचं नाही, आणि शेवटी 'आजोबा, हे मी वर्गात सांगू का?' असं विचारायचं. काही घरांत काही गोष्टी सांगायच्या नसतात, त्याचा मान ठेवायचा.

वर्गात सगळीच मुलं जुन्या बडोदेकरांची नसतात. कुणाचं घराणं गायकवाडांच्या चाकरीत आलेलं, दांडिया बाजारातल्या वाड्यात चौथी पिढी. कुणाचे बाबा मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागले म्हणून गेल्या वर्षीच आलेले. 'आमचं इथे जुनं काही नाही' असं दुसरं मूल म्हणणारच. त्याला सांगा, आईबाबांना विचार: बडोद्यात उतरलात तो पहिला दिवस कसा होता? कुणाकडे राहिलात? पहिल्यांदा शेवउसळ कुठे खाल्ली? ही नोंद वाड्याच्या नोंदीइतकीच पक्की. घरात आजी-आजोबा नसतील तर शाळेचे शिपाईकाका, रिक्षावाले काका, कोपऱ्यावरचा शिंपी, कुणीही चालतं.

माणसांकडून आलेलं सगळंच घडलेलं असतं असं नाही, हे शिकवायला हाताशी एक छान गोष्ट आहे. बडोद्याच्या गादीसाठी दत्तक निवडताना कवळाणे गावाहून आणलेल्या मुलांना राणीसाहेबांनी विचारलं, 'इथे का आलात?' आणि लहानगा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, म्हणाला, 'राज्य करायला.' मुलांना ती फार आवडते. ती सांगू द्या. मग फळ्याचे दोन भाग करा: 'सांगतात' आणि 'नोंद आहे'. गोपाळचा जन्म १८६३ चा, दत्तकविधान १८७५ चं, हे उजवीकडे. राणीला दिलेलं उत्तर डावीकडे. डावीकडचं खोटं असं म्हणायचं नाही, फक्त जागा वेगळी. आठ आठवडे हे दोन रकाने फळ्यावर राहू द्या. मुलं नंतर एकमेकांच्या नोंदी आपणच इकडून तिकडे हलवतात.

राजाची आरती नको

बडोद्याचा इतिहास शिकवताना आपला सूर नकळत आरतीचा होतो. महाराजांनी हे केलं, ते केलं. खरंच केलं, तरीही चौथीच्या मुलाला दुसरी बाजू कळायला हवी, आणि ती याच गावात आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तर जातीमुळे त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही त्यांना घालवून दिलं. सयाजीबागेतली संकल्पभूमी त्याच्या आठवणीची जागा. हे साध्या शब्दांत सांगता येतं. 'राजानं मदत केली, मग गावानं खोली का दिली नाही?' हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. त्यांना बोलू द्या, घाईनं शेवट गोड करू नका.

गेंडीगेट: वस्तू आणि फोटो

हे त्या मानानं सोपं. घरातली एक जुनी वस्तू किंवा फोटो, शक्यतो वर्गात न आणता त्याचं चित्र काढून. पितळी अडकित्ता हरवला तर आजीला काय सांगणार? कशाची आहे, कशाला वापरायचे, कुणी सांगितलं, बस. सयाजीबागेतलं संग्रहालय बघायला नेणार असाल तर आधीच तीन वस्तू ठरवून प्रत्येक मुलाला त्यातली एक द्या. नाहीतर सगळ्यांच्या नोंदीत देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी, तिसरं काही नाही. सुट्टीचा वार आधी चौकशी करून घ्या.

एक फेरी, एकच

पाचव्या आठवड्याच्या सुमाराला रविवारी सकाळी सातला लहरीपुऱ्यापासून मांडवीपर्यंत चाला. अंतर थोडं, पण बाजार उघडला की तिथे उभं राहणंही कठीण, म्हणून वेळ पाळा. सहा मुलांमागे एक मोठं माणूस. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी, पाणी, प्रथमोपचाराची पेटी. थांबे चारच. प्रत्येक थांब्यावर आधी दोन मिनिटं गप्प बघायचं, मग एक मूल तिथलं वाचनपान मोठ्यानं वाचणार. हे वाचन अडखळणाऱ्या मुलांना द्या आणि त्यांना पान चार दिवस आधी घरी नेऊ द्या. तयारी झालेली असते, त्यामुळे रस्त्यावर ती खणखणीत वाचतात, आणि वर्गातल्या बाकीच्यांना हे मूल वाचू शकतं हे पहिल्यांदा दिसतं.

अडलं तर

नोंद आईच्या अक्षरात आली तर रागवू नका. 'छान, आता हेच मला वाचून दाखव' म्हणा. मोबाईलवरून उतरवलेलं ओळखायला सोपं असतं, त्यात 'प्रस्तुत वास्तू' असले शब्द असतात. तेव्हा दुसऱ्या ओळीवर बोट ठेवा: कशावरून? मोबाईलवर कुणी लिहिलंय? एखाद्या हुशार मुलाच्या बारा नोंदी तिसऱ्याच आठवड्यात झाल्या तर त्याला पाटी न वाचता येणाऱ्या दोस्ताबरोबर जोडीनं पाठवा, पण लिहिणार दोस्तच. बक्षीस म्हणून चॉकलेट किंवा वही ठेवली की नोंदींची संख्या फुगते आणि तिसरी ओळ, म्हणजे प्रश्न, सगळ्यांचा सारखा येतो. पाऊल चिकटवण्यातच मुलांना पुरेशी मजा वाटते.

आठव्या आठवड्यात पुन्हा एक मिनिट वाचन, आधीच्याइतकाच अवघड नवा उतारा, पुन्हा दोन प्रश्न. वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा. वेग फारसा न वाढता उत्तरं सुधारली असतील तरी मोहीम लागू पडली असं समजा. ज्या दोघा-चौघांचं काहीच हललं नाही त्यांची दृष्टी आणि कान तपासून घ्यायला पालकांना सांगा. हे राहून जातं, आणि पुढे वर्षभर मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

आठ आठवडे काढणं शक्यच नसेल, अभ्यासक्रम मागे पडला असेल, तर चारपैकी दोनच दरवाजे घ्या: पाट्या आणि माणसं. तीन आठवडे, प्रत्येकी सहा नोंदी, पेटी नाही, फेरी शाळेच्या गल्लीतच. नकाशावर दरवाजे चारही काढा. उरलेले दोन बंद दिसले की 'बाई, हे कधी उघडायचे?' म्हणून मुलं पिच्छा पुरवतात, आणि मार्चमध्ये परीक्षेआधी कुठेतरी वेळ काढावाच लागतो.